कालिसीचं मागणं

फेलेती ऑकलंडहून टोंगाला उतरला तो दोन बॅगा आणि एक निर्णय घेऊन. बॅगा वाटेत कुठेतरी राहिल्या, निर्णय मात्र सुखरूप पोचला. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्याने तो धाकट्या भावाला, तोमासीला, ऐकवला. वाटेत पाद्रीबुवा दिसले, तर गाडी थांबवून त्यांनाही ऐकवला. घरात शिरल्यावर अंथरुणावरच्या बापाला ऐकवला. जिच्याबद्दल तो निर्णय होता, तिला तेवढा सांगायचा राहिला होता.

ती, म्हणजे त्याची थोरली बहीण कालिसी, त्या वेळी परसातल्या शेडमध्ये साखर जाळत होती. फाइकाकाई या मिठाईतले उकडलेल्या पिठाचे गोळे काय, कुणीही वळील. खरी परीक्षा त्यावरच्या पाकाची. साखर तांबूस झाली की त्याच क्षणी नारळाचं घट्ट दूध ओतावं लागतं. जरा उशीर झाला की पाक कडू. त्यामुळे भाऊ दोन वर्षांनी घरी आला तेव्हा बहीण दारात नव्हती, आणि या गोष्टीचा अर्थ संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने आपापल्या सोयीने लावून घेतला.

"वन्सं, आपली शेड बंद होतेय म्हणे," तोमासीची बायको सेइनी पिठाचं घमेलं खाली ठेवत म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"पाद्रीबुवांची बायको. तिला पाद्रीबुवांनी सांगितलं, त्यांना तुमच्या भावाने. मामंजींना म्हणे आता चोवीस तास माणूस हवं. आणि ते माणूस म्हणजे तुम्ही."

"मग आत्ता मी कोण आहे? डुकरीण?"

"तुम्ही स्वतःच्या मालकीण ना!" सेइनी म्हणाली. "त्यांचं म्हणणं असं, की नोकरी करणाऱ्याला सुट्टी मागावी लागते. तुम्हाला कोण अडवतंय?"

टेबलाभोवतीच्या बायका खो खो हसल्या. मालकीणबाईंनी शेवटची सुट्टी कधी घेतली होती, ते त्यांना ठाऊक होतं. त्या सुट्टीत त्या बाळंत झाल्या होत्या.

शेड म्हणजे अर्धा कारखाना आणि अर्धी बालवाडी होती. सेइनी धरून चार बायका कामाला, त्यांची पोरं टेबलाखाली. एकीची सासू कोपऱ्यात बसून दिवसभर सगळ्यांच्या चुका काढायची आणि अधूनमधून नारळ खवायची. कालिसीने कुणाला कधी "पोर घरी ठेवून ये" म्हटलं नाही, कारण घरी ठेवायला कुणाच्याच घरी कुणी नव्हतं. आता कुठे या धंद्याला बरे दिवस येत होते. बेटांवर जाणाऱ्या बोटीवर दर आठवड्याला तिचं फाइकाकाई चढवायचं ठरलं होतं. पहिली खेप सोमवारी द्यायची होती. बोटीचा माणूस गोड बोलणारा होता, पण जाता जाता त्याने सांगून ठेवलं होतं, की पहिलीच खेप चुकली तर तो दुसरीकडे जाईल. दुसरीकडे म्हणजे कुठे, तेही तिला माहीत होतं. बाजारातली ती बाई पाकात नारळाच्या दुधाऐवजी पाणी घालायची.

आणि नेमकं अशा वेळी बाबांना झटका आला होता.

हानितेलींची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, फक्त एक शब्द उरला. तो शब्द होता "हो". ज्या माणसाने आयुष्यभर कुणाच्या कशालाच चटकन हो म्हटलं नव्हतं, त्याच्या जिभेवर देवाने नेमका तोच ठेवला. भूक लागली? हो. पोट भरलं? हो. दुखतंय? हो. कालिसी त्यांच्या डोळ्यांकडे बघून खरं उत्तर काढायला शिकली होती. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, मग शेडमध्ये धावायचं, पाक उतरवायचा आणि परत धावायचं. नवरा सोसाइआ क्वीन्सलँडच्या मळ्यात टोमॅटो तोडायला गेलेला. "काळजी घे," असं तो रोज फोनवर म्हणायचा. कुणाची, ते सांगायचा नाही.

बाबांचं डोकं तेवढं तिच्या हातात नव्हतं. बापाच्या डोक्याला पोटच्या पोरांनी हात लावायचा नसतो, मग त्या डोक्यात कितीही कोंडा साचो. म्हणून तिने हाआपाई बेटावर आत्याकडे निरोप धाडला होता, आणि शनिवारच्या बोटीने आत्या येऊन थडकली.

आपल्यात म्हणतात, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. टोंगात आत्याबाईला मिशांची गरजच पडत नाही. सगळे काका तिच्यापुढे मुकाट मान खाली घालून बसतात. बहीण भावापेक्षा वरची, आणि भावाच्या पोरांसाठी तर तिच्यावर फक्त आभाळ. तिने मागावं आणि त्यांनी द्यावं, या मानाला फाहू म्हणतात. लोसालिने आत्या ऐंशीच्या घरात होती, गुडघे बोलत होते, पण आल्याआल्या तिने पाणी तापवायला लावलं आणि धाकट्या भावाचं डोकं मांडीवर घेऊन खसाखसा चोळलं.

"तुझ्या डोक्यात कधी काही नव्हतंच, हानितेली," ती म्हणाली. "आता तर उवाही नाहीत."

"हो," हानितेली म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

फेलेतीने बैठकीला रविवार निवडला, त्यातही डोकं होतं. रविवारी टोंगात देवाशिवाय कुणी काम करत नाही, कायदाच आहे तसा. म्हणजे बहिणीला शेडमध्ये पळायची सोय नव्हती. चर्च झालं, भुईतल्या भट्टीतून अळूची पानं आणि रताळी निघाली, सगळ्यांनी चर्चसाठी मानाने कमरेला गुंडाळलेल्या चटया सैल करून पोटभर हाणलं, आणि मग घरातले लोक व्हरांड्यात बसले. बाबांची खाट आत, खिडकीला लागून होती. फेलेतीची बायको मेलाने ऑकलंडहून फोनवर होती. तिला बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं, आणि तिथून तिचा चेहरा सगळ्यांवर नजर ठेवून होता.

कालिसी आत्याजवळ बसली. फेलेती व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पायरीवर बसला. मोठ्या झालेल्या भावाने बहिणीच्या फार जवळ बसायचं नसतं, तिच्याशी उगाच बोलायचं नसतं, आणि ती खोलीत आली तर आपण उठून बाहेर जायचं असतं. हा सगळा मान असतो. बोलायचंच झालं, तर मध्ये कुणीतरी लागतं. त्या दिवशी ते टपालखातं तोमासीकडे आलं. त्याचं स्वतःचं मत नेहमी शेवटी बोललेल्या माणसासारखं असे, त्यामुळे तो या कामाला अगदी लायक होता.

"तोमासी, ताईला सांग, मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय."

"ताई, दादाने सगळ्या बाजूंनी विचार केलाय."

"त्याला विचार, त्यातली एखादी बाजू माझी होती का."

"दादा, ताई विचारते..."

"ऐकलं मी," फेलेती म्हणाला. "तिला म्हणावं, पैशांची चिंता नको. दर महिन्याला मी पाठवीन. शेडमधून मिळतं तेवढं पाठवीन."

"ताई, दादा म्हणतो..."

"आणि या चौघींना कोण पाठवणार?" कालिसी म्हणाली. "आणि बोटीचं काय?"

"बोटीला काय म्हणावं, गोळेच तर आहेत. सहा महिन्यांनी परत वळता येतील. गोळे काही पळून जात नाहीत."

"मामंजीही पळून जात नाहीत," सेइनी पुटपुटली. तोमासीने तिला कोपर मारलं, तिने त्याला परत मारलं.

"बाबांनाही हे मान्य आहे," फेलेती म्हणाला. "मी काल स्वतः विचारलं, कालिसीताईने घरी राहावं ना? स्पष्ट 'हो' म्हणाले."

"मीही विचारलं होतं," सेइनी म्हणाली. "मामंजी, शेड चालू राहू दे ना? मलाही स्पष्ट 'हो' म्हणाले."

"मला तर नवा डुकरांचा गोठा बांध म्हणाले," तोमासी म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प बसला.

आत्याने वारा घ्यायचा पंखा खाली ठेवला आणि खिडकीकडे मान वळवली. "हानितेली! तू डुक्कर आहेस का रे?"

आतून आवाज आला, "हो."

"चला, एवढं एक तरी ठरलं," आत्या म्हणाली, आणि पंखा पुन्हा उचलला.

फोनमध्ये मेलाने तोंडावर हात ठेवून हसत होती. कालिसीलाही हसू आलं, पण तिने ते अर्ध्यावरच आवरलं. कारण फेलेती हसला नव्हता. तो खिडकीकडे बघत होता. आल्यापासून तो बापाच्या खाटेपाशी उभा राहायचा, पण ओठाच्या कडेने लाळ आली की नजर फिरवायचा. लहानपणी याच बापाच्या पाठीवर बसून तो समुद्रात गेला होता. त्याला ते बघवत नव्हतं, म्हणून त्याला सगळं आजच्या आज मार्गी लावून परत जायचं होतं. तिला हे कळत होतं, आणि कळत असूनही राग येत होता. तिलाही बघवत नव्हतं. ती बघत होती.

"तोमासी, त्याला सांग," ती म्हणाली, "मी नाही म्हणत नाही. पण एकटी नाही करणार. आपण तिघं आहोत."

"तिला म्हणावं, मी तिकडे, तोमासी मळ्यात. राहिलं कोण?"

"मी शेडमध्ये."

"शेड म्हणजे काय नोकरी आहे?"

हे तोमासीला पोचवायची हिंमत झाली नाही. पोचवायची गरजही नव्हती. फोनमधल्या मेलानेने "अरे!" म्हटलं, पण फेलेतीची गाडी आता उतारावर लागली होती. ऑकलंडच्या गोदामात त्याच्या हाताखाली वीस माणसं होती, आणि तिथे तो ज्या आवाजात खोकी उतरवायला सांगायचा तोच आवाज त्याच्या तोंडून निघाला. तो उठून उभा राहिला, सरळ बहिणीकडे बोट केलं आणि म्हणाला, "कालिसी, हे बघ. उद्यापासून ती शेड बंद. तू बाबांपाशी बसायचंस. बस्स, ठरलं."

ताई म्हणाला नाही, मध्ये कुणी ठेवलं नाही, वर बोट! शेजारच्या अंगणातून ऐकणाऱ्या म्हातारीनेही हातातला पंखा थांबवला.

"आत्ता कोण बोललं?" आत्याने विचारलं. तिचा आवाज अगदी मऊ होता, आणि या घरातल्या तीन पिढ्यांना ठाऊक होतं, की आत्याचा आवाज मऊ झाला की लपायला जागा शोधावी.

फेलेतीचा हात खाली आला. "मी... आत्या, ते चुकून..."

"ऑकलंडला बहिणीला हुकूम सोडायची पद्धत आहे वाटतं. थंड हवेचा परिणाम असेल."

"चुकलं, आत्या." तो मटकन खाली बसला, मांडी घालून, मान छातीला लावून. बेचाळीस वर्षांचा, शंभर किलोचा माणूस, पण कालिसीला तो एकदम शाळेत पाटी हरवून आलेला दिसला. "ताई, चुकलं माझं."

"तिला काय सांगतोस? ती ऐकून घेईल, तिला सवयच आहे," आत्या म्हणाली. "मी तिला सांगते. कालिसी, आजवर तू याच्याकडे काही मागितलं नाहीस. मोठ्या मनाने नाही, लाजेखातर. मला ते कधी आवडलं नाही. मान वापरला नाही की तो गंजतो. आता माग."

कालिसीने कधीच मागितलं नव्हतं, हे खरं. तिच्या एका चुलत बहिणीने भावाच्या लग्नात मांडवातूनच त्याची नवी गाडी नेली होती, नवरानवरी चालत घरी गेले. कालिसीने पुतण्यांच्या वाढदिवसाच्या केकचा, आत्याच्या मानाचा वरचा थरसुद्धा त्यांनाच परत दिला होता.

"व्हॅन!" फेलेती घाईने म्हणाला. त्याला बिचाऱ्याला सुटकेची वाट दिसली होती. "ताई, माल न्यायला व्हॅन हवी ना तुला? देतो. नवी देतो."

आता व्हॅन खरंच हवी होती. खोटं कशाला बोला, तिने ती मनात उभीही केली. पांढरी, मागे दोन दारं, बाजूला फाइकाकाईचं चित्र. सेइनीने तर तिच्या कानात "घ्या, वन्सं" म्हटलंही. मग कालिसीच्या लक्षात आलं, की व्हॅन दारात उभी राहील आणि चालवणारी आत खाटेपाशी बसेल.

"व्हॅन नको," ती म्हणाली. तिने तोमासीकडे पाहिलं नाही, थेट भावाकडे पाहिलं. बहिणीला ती मुभा असते. "मला तू हवास."

"म्हणजे?"

"नाताळपर्यंत तू इथे राहायचंस. बाबांचं तू करायचंस."

फेलेतीने फोनकडे पाहिलं. "माझी नोकरी..."

"त्याची सुट्टी साठलीय," बिस्किटांच्या डब्याजवळून आवाज आला.

"मेलाने!"

"साठलीय, वन्सं. रग्बीच्या विश्वचषकासाठी जपून ठेवलीय त्याने, मुरांब्यासारखी. ती संपली की बिनपगारी घेईल. मी जादा पाळ्या करीन, भागेल आमचं." मेलाने क्षणभर थांबली. "आणि तुम्ही माझ्या पोरांच्या आत्या. तुम्ही मागितलं, आता नाही कोण म्हणणार? शिवाय माझ्या आईचं सगळं मी एकटीने केलं, तेव्हा हा म्हणाला होता, तुला छान जमतं गं. त्यालाही जमू दे जरा."

फेलेती अगदी हळू आवाजात म्हणाला, "मला त्यातलं काही येत नाही, ताई."

"मला तरी कुठे येत होतं?" कालिसी म्हणाली. "पहिल्या दिवशी बाबांना वळवताना मी त्यांना खाटेखाली पाडलं. कुणाला सांगितलं नाही. फेलेती, माझी माया कमी आहे म्हणून मी हे मागत नाहीये. मला बाबा हवेत. आणि मला ती शेडही हवी आहे रे, मला तिथे उभं राहिलं की बरं वाटतं. दोन्हीतलं एक निवड, असं तुला कधी कुणी सांगितलं?"

त्याने मान हलवली. नाही. मग त्याच मानेने होकार दिला.

"डोकं माझ्याकडे," आत्या म्हणाली. "मीही राहते नाताळपर्यंत. बाकीचा हानितेली तुझा." मग ती खिडकीकडे वळली. "ऐकलंस का रे? आता पोरगा तुझं ढुंगण धुणार!"

यावर आतून काहीच उत्तर आलं नाही. हानितेलींना झोप लागली होती, किंवा अब्रूखातर लागल्यासारखी होती.

तोमासीने संध्याकाळपर्यंत चार जणांना सांगितलं, की ही कल्पना मुळात त्याचीच.

सोमवारी कालिसी उजाडायच्या आत शेडमध्ये होती. पहिला घाणा उतरला, दुसरा चढला. बायका भराभर गोळे पाकात सोडत होत्या, टेबलाखाली पोरं एकमेकांना चावत होती, सगळं कसं ठीक चाललं होतं. तेवढ्यात घरातून काहीतरी धाडकन पडलं, आणि फेलेतीचा आवाज आला, "अहो बाबा, थांबा! थांबा म्हणतो ना!"

तिच्या हातातून डाव सुटला. परस ओलांडून ती कधी धावली, तिलाच कळलं नाही. दारातून तिने पाहिलं. पाण्याची बादली आडवी, खोलीभर पाणी, बाबा एका कुशीवर अर्धे साबण लावलेले. आणि फेलेती? बहिणीच्या सपाता वाजल्याबरोबर तो हातातला पंचा तसाच टाकून, मान खाली घालून, दुसऱ्या दाराने बाहेर निघाला होता. बहीण खोलीत आली की भावाने उठायचं. एकदा चुकलेला माणूस आता एक अक्षर चुकणार नव्हता.

बाबा तिच्याकडे बघत होते. पाठीवरचा साबण ओघळत होता. दोन पावलं पुढे टाकली असती तर पंचा तिच्या हातात आला असता, आणि मग तो रोजच आला असता. हे तिला तिथे, त्या उंबऱ्यावर, स्वच्छ दिसलं. ती आत असेल तोवर तो बाहेर असणार. तो आत हवा असेल तर तिला बाहेर राहावं लागणार. तिने मागताना हा हिशेब केला नव्हता.

ती उलट्या पावलांनी बाहेर आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

थोड्या वेळाने आत पावलं वाजली. पाणी उपसल्याचा आवाज आला. "बाबा, आता हा हात. हा नव्हे, तो. अहो, तो माझा हात आहे!" मग काहीतरी घसरलं, खाट करकरली, फेलेती बहुतेक ओल्या फरशीवर बसकण मारून आपटला, आणि आतून एक चमत्कारिक आवाज आला. तिला आधी वाटलं, बाबांना ठसका लागला. तिने भिंतीवरची पाठ उचललीही. मग कळलं, बाबा हसत होते. वाकड्या तोंडाने, धाप लागेपर्यंत हसत होते.

झटका आल्यापासून ते हसले नव्हते. तिने त्यांना इतक्या वेळा पुसलं, भरवलं, वळवलं, पण एवढं नीट केलं होतं, की हसायला काही जागाच ठेवली नव्हती. तिला आनंद झाला आणि त्याच दमात भावाचा कडकडीत हेवा वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती शेडमध्ये परतली. सेइनीने डाव उचलून पाक सांभाळला होता, आणि तो कडू झाला नव्हता.

"काय झालं, वन्सं? काही हवंय का मामंजींना?"

"नाही," कालिसी म्हणाली. "माझी गरज नाही."

आणि हे वाक्य जन्मात पहिल्यांदाच तोंडून निघाल्यामुळे तिला पिठाच्या पोत्यावर जरा वेळ बसून राहावं लागलं.